हैदर पिंजाऱ्याचा कप

संग्रामपुरात हैदर पिंजाऱ्याला लोक नावाने कमी आणि 'अफीमची' म्हणूनच जास्त ओळखत. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा परवाना भिंतीवर टांगून उजळ माथ्याने अफू विकणाऱ्या ठेकेदाराला मात्र तेच गाव 'शेठ' म्हणे. कापूस पिंजताना बारीक तूस छातीत जाई, खोकून खोकून हैदरचा जीव नकोसा होई. कोणा शहाण्याने त्यावर एक गोळी सुचवली आणि ती गोळी त्याला सात वर्षं पुरून उरली.

ती त्याने सोडली. कशी, ते त्याच्या बायकोला, अमीनाला विचारा. वीस दिवस तो आत कण्हत पडला होता आणि ही दाराला कडी लावून उंबऱ्यावर बसली होती. एकविसाव्या दिवशी त्याने स्वतःहून भाकर मागितली तेव्हा तिला रडूच फुटलं.

पण उठून बसलेल्या माणसाला काम हवं. रिकामे पाय ठेक्याकडेच वळणार, हे ती पुरतं ओळखून होती. तिने दारोदार विचारलं. गाद्या सगळ्यांनाच पिंजून हव्या होत्या, अफीमची कोणालाच अंगणात नको होता. शेवटी पंजाबराव पाटील हो म्हणाले. लेकीचं लग्न तोंडावर होतं, वीस गाद्या भरायच्या होत्या. अमीनाने त्यांना तोंड भरून दुवा दिली. ती दुवा पुढे परत घेता आली असती तर किती बरं झालं असतं!

चार-पाच दिवसांत हैदर माणसात आला. पहाटे उठून पिंजणाच्या धनुष्याची तात आपणच ताणू लागला. पोटभर जेवला. लेकीशी, सायराशी, बोलला. रस्त्यात एकाने त्याला 'हैदरभाई' म्हटलं, तेही त्याने घरी येऊन सांगितलं.

नवव्या दिवशी त्याचे डोळे अमीनाला नको इतके ओळखीचे वाटले. तिने त्याचे खिसे उलटे केले, ठेक्यावर जाऊन भांडली. तो इकडे फिरकलाच नाही, असं ठेकेदार शपथेवर म्हणाला. मग कापूस मोकळा करायला म्हणून तीच पाटलांच्या अंगणात जाऊन बसली.

तिथे हैदरचा कप वेगळा होता. कान तुटलेला, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला. पाटलीणबाई वच्छलाबाई हात उंच धरून त्यात चहा ओतत. घरातलं कोणी त्या कपाला शिवत नसे. त्या दिवशी तूस घशात गेलं म्हणून अमीनाने त्यातला एक घोट घेतला. गुळाखाली कडू लागला. त्या कपाला तोंड लावू शकेल असं हैदरशिवाय एकच माणूस जगात होतं, आणि नेमकं तेच पाटील विसरले होते.

"मालक, याच्यात अफू हाये," ती म्हणाली.

पाटील वरमलेसुद्धा नाहीत. "हाव. जराशीच. त्याचा हात चालून नाही राह्यला. अन् जुनाच खाणारा तो, त्याले काय नवीन?"

अमीनाने कप पुढे केला. "मंग एक घोट तुमी घ्या."

पाटील दोन पावलं मागे सरले. अफूला नव्हे, कपाला भिऊन.

ती नवऱ्याकडे वळली. तो मान खाली घालून बसला होता. तिने विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

"पयल्याच घोटाले."

"मंग बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं काम गेलं असतं," हैदर म्हणाला. "अन् काम गेलं असतं तं मी ठेक्यावरच गेलो असतो."

कानाखाली वाजवायची तरी कोणाच्या? तिने पिंजण उचललं, नवऱ्याला दंडाला धरून उठवलं आणि नऊ गाद्यांचा कापूस अंगणात वाऱ्यावर सोडून निघाली. कप तिने फोडला नाही. फोडला असता तर पाटलांनी दुसरा आणला असता, दुसऱ्या पिंजाऱ्यासाठी. तो तिने पदरात गुंडाळून घरी नेला.

पुन्हा कडी, पुन्हा उंबरा. मग दोघं गावोगाव हिंडू लागली. त्याच्या खांद्यावर पिंजण, तिच्या हातात तो कप. चहा त्यातच घ्यायचा, आणि पहिला घोट अमीनाचा. नवऱ्याआधी पिणारी बाई म्हणून बाया तोंडाला पदर लावून हसत. अमीना हसत नसे. घोट जिभेवर घोळवून गिळायची आणि मगच कप हैदरच्या हातात द्यायची.