रडणारा गायक

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. लिफ्ट मजल्याशी केसभर वरखाली थांबली तरी यांना चैन पडायची नाही. घरात मात्र सोफ्याचा पाय मोडून वर्ष झालं, तरी ढिम्म!

निवृत्त झाल्यावर यांनी माळ्यावरून तरुणपणीचा रेकॉर्ड प्लेअर आणि जुने ब्रिटिश अल्बम खाली काढले. सायकेडेलिक, प्रोग्रेसिव्ह असलं काय काय. रेकॉर्डच्या अख्ख्या बाजूला एकच गाणं, त्यात मध्येच बासरी, मध्येच घंटा, आणि कव्हरवर डोळे वटारणारं झाड. यांच्या लाडक्या अल्बममधला गायक तर असा गळा काढायचा, की लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "याच्या घरात कोणी गेलं का हो?"

"अगं, हे सगळ्या माणसांचं दुःख आहे," हे म्हणाले होते. बरं बाई! पुढे येईल त्या पाहुण्याला ते दुःख समजावून सांगितलं जायचं.

माळ्यावरून काढलेला प्लेअर काही फिरेना. जावयांनी हौसेने तो दुरुस्त करून आणला. यांनी तोच अल्बम लावला, तर गायक चक्क टुणटुण उड्या मारत गायला लागला. यांनी सुई पुसली, पुन्हा ठेवली. पुन्हा तोच आनंदीआनंद.

"बाबा, दुरुस्तीवाला म्हणाला, हा पहिल्यापासूनच हळू फिरत होता," जावई म्हणाले. "आता वेग बरोबर झालाय."

हे हसले, जावयांचं कौतुकही केलं. ते गेल्यावर मला म्हणाले, "ज्याच्यासाठी जन्मभर रडलो, तो मजेत होता की गं."

त्यानंतर यांनी प्लेअरला हात लावला नाही. जेवायचे, पेपर उघडून नुसते बसायचे. घरात शांतता झाली. मला हवी होती तशीच, पण घर खायला उठलं. यांचा चेहरा बघवेना.

शेवटी प्लेअर आणि तो अल्बम पिशवीत घालून मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हटलं, "हा पुन्हा हळू करून द्या."

"बाई, बिघडवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच!"

"तुम्हाला काय करायचंय? मी सांगते तिथे थांबा."

त्याने रेकॉर्ड लावली आणि आतला स्क्रू फिरवायला लागला. गायकाचा आनंद उतरत गेला. अजून थोडा. अजून. "थांबा!" मी ओरडलेच.

"तुम्हाला बरोबर कळलं. फारच आवड दिसते या गाण्यांची."

"छे हो! डोक्याला ताप नुसता," मी म्हणाले, आणि ती बाजू संपेपर्यंत त्याला बंद करू दिलं नाही.