बोटकाका आणि अठरा रिळं

कारखान्यात त्यांना सगळे बोटकाका म्हणत. हेलिकॉप्टरमधून रणगाड्यावर सोडायची क्षेपणास्त्रं तिथे बनत, आणि काकांचं काम तार तपासायचं. क्षेपणास्त्र सुटलं की त्याच्या शेपटीतल्या रिळावरून केसाएवढी बारीक तार उलगडत जाते. हेलिकॉप्टरमधला माणूस त्या तारेतूनच त्याला डावं-उजवं सांगतो. ते पोचेपर्यंत हेलिकॉप्टरला आभाळात एका जागी लटकून राहावं लागतं. मधेच तार तुटली तर क्षेपणास्त्र भरकटतं, आणि वरचे दोघं समोरच्या तोफेला आयते सापडतात.

म्हणून प्रत्येक रिळाची तार आधी काकांच्या अंगठ्या-तर्जनीच्या चिमटीतून सरकायची. बारीकसा ओरखडा लागला की रीळ बाद. एकतीस वर्षं हे चाललं होतं, आणि त्या दोन बोटांचा घरातला थाट जावयाला लाजवेल असा होता. गरम कप धरायचा नाही, भाजी चिरायची नाही, भांड्यांना तर लांबूनच नमस्कार. काकू म्हणत, "माझं लग्न दोन बोटांशी लागलंय. बाकीचा माणूस वर फुकट आला."

इकडे कारखान्यात तार तपासणारं कॅमेऱ्याचं यंत्र महिनाभर खोक्यात पडून होतं. वरून हुकूमच होता: काकांची एक जरी चूक झाली, तर यंत्र बसवा. हुकूम पाळणारी विभागप्रमुख काकांच्याच हाताखाली तार धरायला शिकलेली. चारचौघांत काका तिला "बाई" म्हणत, एकट्यात "पोरी".

त्या मंगळवारी तार भलतीच गुळगुळीत लागत होती. त्या खेपेची उरलेली अठराच्या अठरा रिळं पास झाली. काकांनी रिळं गुंडाळणाऱ्या बायकांना शाबासकी दिली.

"काका, बरं वाटतंय ना?" एकीने विचारलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गोड बोलताय."

संध्याकाळी हात धुताना बोटांवरून एक पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटला. आदल्या दिवशी लेकीच्या बुटाचा तळ चिकटवला होता, त्याचा गोंद. दिवसभर तार तपासली होती ती गोंदाने. काकांची बोटं नुसती सोबतीला होती.

ती रिळं क्षेपणास्त्रांत बसवून झाली होती. सकाळी गाडी लष्कराच्या तळावर निघणार होती.

काका नळ चालू ठेवून उभे राहिले. पापुद्रा वाहून गेला असता तर कोणाला कळणार होतं? कदाचित अठराही रिळं चांगलीच असतील. बायका काही आळशी नव्हत्या. काकांनी स्वतःला हे दोनदा पटवून पाहिलं. पण आभाळात लटकलेल्या त्या दोघांना ते कसं पटवायचं, हे काही सुचेना. पापुद्रा रुमालात घेऊन ते विभागप्रमुख बाईच्या खोलीत गेले.

तिने सगळं ऐकलं. मग नोंदवही उघडली.

"गाडी थांबवते. पण काका, कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"जे झालं ते."

"मग सोमवारपासून तुमच्या जागी यंत्र बसेल. माझ्या हातात काही राहणार नाही."

"माहीत आहे, पोरी. म्हणून तर आधी नळापाशी थोडा वेळ उभा राहिलो."

रिळं परत काढली. काकांनी हात तीनदा धुतले, बोटं दिव्याखाली धरून तिला दाखवली आणि तपासायला बसले. पहिली दहा रिळं चांगली निघाली. गुंडाळणाऱ्या बायका आपापली कामं सोडून मागे उभ्या होत्या.

अकराव्या रिळाची तार निम्मी सरकली आणि काका म्हणाले, "थांबवा."

तिने भिंगाखाली पाहिलं. तारेवर नखाच्या टोकाएवढा चरा होता.

"ही तुटली असती," ती हळूच म्हणाली. मग एकदम सावरून, "मी लिहिते काका, की बोटांनीच सापडलं. वरिष्ठांना दाखवते."

"सुटलं होतं तेही बोटांमुळेच. लिहायचं तर दोन्ही लिहा, बाई."

तिने मान खाली घालून दोन्ही लिहिलं. काकांनी अकरावं रीळ बाजूला ठेवलं, बोटं कोरड्या फडक्याला पुसली आणि बारावं पुढ्यात ओढलं.