हायड्रॉलिकच्या तेलाचा चोर

मंडळी, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं उरलेलं तेल मी फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅनमंधी भरून शेडात कुटारावर, म्हंजे ढोरायच्या भुशावर, ठेवलं होतं. तेच कमी होऊन राह्यलं होतं.

शेडाची दुसरी चाबी फक्त चुलतभाऊ सुधीरकडे. ट्रॅक्टर त्याच्याकडे बी हाये. मंग डाऊट कोणावर येईन?

आज म्हटलं, कॅन घरातच ठेवतो. उचलली तं बूड तडकलेलं! आधी वावरात उन्हात पडून पडून प्लास्टिक पापडासारखं झालं होतं, अन् तेल खालचं कुटार गुपचूप पेऊन राह्यलं होतं.

तेवढ्यात सुधीर आला. तडकलेलं बूड बोटानं दाबून पाह्यलं. मंग म्हने, "भाऊ, माह्या गोठ्यातल्या असल्याच कॅनमंधलं तेल बी कमी होऊन राह्यलं. मले तं तुह्यावर डाऊट होता."

खरं सांगा, तेल कमी दिसलं की तुम्ही पहिले कुठं पाहता? कॅनच्या बुडाकडे, का भावाकडे?