उभ्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या डाव्या बाजूने

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं नाही... पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी फणसवाडीत राहतो, वय पन्नाशीच्या पुढे. बायको सुजाता हिचं एक दिवसाआड परळला डायलिसिस असतं. टॅक्सी दर वेळी परवडत नाही, म्हणून स्कूटरवरून नेतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी उशीर झाला होता. लालबागच्या एका गल्लीत, चाळीसमोर अ‍ॅम्ब्युलन्स उभी, लाल दिवा चालू. चाळीच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, म्हणून पेशंटला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून उतरवतात. तसे एका आजोबांना आणत होते. उभ्या अ‍ॅम्ब्युलन्सपाशी थांबायचं, डावीकडून घुसायचं नाही, हे लायसन्स काढताना शिकलो होतो. तरी घुसलो. सगळेच घुसतात! खुर्ची धरलेले दोघे दचकून मागे सरले, खुर्ची भिंतीला आपटली, आजोबा कण्हले.

"ए काका! दिसत नाय काय? माणूस उतरतोय ना!"

"आमच्याकडे पण पेशंट आहे," मी ओरडलो आणि निघालो. सुजाता मागून म्हणाली, "अहो, आपण बसलोय तरी. त्यांना बांधलंय."

परतीच्या वाटेवर हॉस्पिटलच्या कोपऱ्यावर एक अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. तिच्याजवळ पोचताच आमची स्कूटर बंद पडली. ढकलत पुढे नेली, चालू झाली. पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्यालाही. परळला अ‍ॅम्ब्युलन्सना काय तोटा! प्रत्येक वेळी सुजाता उतरायची, अशक्त पायांनी भिंत धरून चालायची, आणि मी ढकलत. थकून जायचो दोघं.

मेकॅनिकने प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला. "काका, गाडी एकदम मक्खन आहे. तुम्हीच जरा स्वतःला चेक करून घ्या," म्हणाला. मेव्हण्याची स्कूटर आणून पाहिली. तीही बंद.

शेवटी त्या चाळीत गेलो. आजोबा घरी आले होते, गॅलरीत पेपर वाचत होते. मी माफी मागितली. "अरे, माका त्या दिवशी शुद्ध खंय होती," म्हणत त्यांनी चहा पाजला. वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी स्कूटर पुन्हा बंद.

गेल्या महिन्यात सकाळी सुजाताला घरीच श्वास लागला. शेजाऱ्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. आमचाही जिना अरुंदच. तिला खुर्चीत बसवलं, चादर मीच बांधली. जिना उतरताना खालून हॉर्न ऐकू येत होते. गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागे दुचाकींची रांग, आणि डाव्या बाजूला घुसायला पुरेशी फट. आता कोणीतरी घुसणार, खुर्ची आपटणार...

दारातून बाहेर आलो तर हॉर्न थांबलेले. रांगेतले सगळे स्टार्टर दाबत होते, एकजण किक मारून घामाघूम झाला होता. "आयला, आता तर चालू होती!" एकाचीही सुरू होत नव्हती. आम्ही सावकाश, कुणाचा धक्का न लागता तिला आत चढवलं. दार लागलं, आणि मागे सगळ्या गाड्या एकदम सुरू झाल्या.

आत सुजाताने मास्क जरा बाजूला केला. "म्हणजे... आपली एकटीचीच गाडी खराब नव्हती."

ती आता बरी आहे. कोणी म्हणेल योगायोग, कोणी म्हणेल पेट्रोलमध्ये पाणी असेल. मला विचाराल तर मला खरंच माहीत नाही. उद्या पुन्हा परळ आहे. अ‍ॅम्ब्युलन्स दिसली की हल्ली मीच आधी इंजिन बंद करतो आणि ती निघेपर्यंत आम्ही दोघं तिच्यामागे उभे राहतो.