सोळा घरांचं पाणी

त्या दिवशी मी कॉलेजातून घरी पोचले तेव्हा घरात पाणी नव्हतं आणि सामानही नव्हतं. फरशी लख्ख होती, फिनेलचा वास होता आणि आतल्या खोलीतला पलंग, गाद्या, पुस्तकांचे गठ्ठे, कपाटातले कपडे यांपैकी काहीही जागेवर नव्हतं. पाण्याने सगळं वाहून नेलं असावं, असा वेडा विचार मनात क्षणभर येऊन गेला.

चऱ्होलीत आमची चार मजल्यांची इमारत आहे. प्रत्येक मजल्यावर चार घरं, आमचं तिसऱ्यावर. महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. ते जमिनीखालच्या टाकीत साठतं, तिथून पंपाने गच्चीवर चढतं आणि सोळा घरं ते पुढचा कोरडा दिवस ध्यानात ठेवून वापरतात. त्या सकाळी पाणी आलं होतं. यजमान चाकणला कंपनीत होते. तिथे मोबाइल गेटवरच जमा करतात. सासूबाई जेवून तळमजल्यावरच्या मावशींकडे उन्हाला जाऊन बसल्या होत्या. मी निगडीला वर्गात कविता शिकवत होते. अशा रिकाम्या घरात, आतल्या खोलीच्या न्हाणीघराच्या भिंतीतला, गिझरकडे जाणारा पाइप फुटला.

पुढचं मला सांगून कळलं. पाणी खोलीभर पसरलं, दाराखालून जिन्यावर आलं आणि पायऱ्या उतरू लागलं. रिकाम्या घरात कोणी संथपणे झाडू मारत असावं, तसा आवाज दाराबाहेर येत होता, असं समोरच्या वहिनी म्हणाल्या. मॅडम आज लवकर आल्या, असं वाटून त्यांनीही आधी लक्ष दिलं नाही. इकडे गच्चीवरची टाकी उतरलेली पाहून वॉचमनने पंप पुन्हा चालू केला. कोणीतरी गोधड्या धुवायला काढल्या असतील, असा त्याचा समज. खालच्या टाकीतलं होतं नव्हतं तेही त्याने वर चढवलं आणि तेही आमच्या भिंतीतून गेलं.

जिना ओला दिसला तेव्हा सासूबाई किल्ली घेऊन धावल्या आणि त्यांच्यामागे अर्धी इमारत. सासूबाई लातूरकडच्या. पाण्यासाठी घागर घेऊन चाललेल्या वाटा त्यांच्या पायांना अजून आठवतात. वहिनींनी झाडूने पाणी बाहेर लोटायला घेतलं तशा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि आधी बादल्या मागवल्या. फरशीवरचं पाणी सुपलीने भरून घेतल्याशिवाय त्यांनी ते कोणाला सांडू दिलं नाही. मी आले तेव्हा आमच्या गॅलरीत बादल्या, पातेली, कणकेचा डबासुद्धा गढूळ पाण्याने काठोकाठ भरून ओळीने उभा होता.

सामान कुठे गेलं, ते मग उलगडलं. ज्यांच्याकडे जागा होती त्यांनी आपापल्या घरी वाळायला नेलं होतं. प्लंबर भिंत फोडून नवा सांधा बसवून गेलाही होता आणि फरशांचे तुकडे व जुना सांधा वहिनींनी गोणीत भरून कचऱ्याच्या गाडीत चढवला होता. ‘तुम्ही दमून येणार, निदान घर तरी नीट दिसावं,’ असं त्या म्हणाल्या. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशीचं पाणी उरलेलं नव्हतं. तरी कोणी त्याबद्दल बोललं नाही. फक्त मावशींनी, माझी घरातली गच्च ओली चप्पल उन्हात ठेवता ठेवता, एक टोला दिला.

“मॅडम, उद्याची आमची समद्यांची अंघोळ आजच तुमच्या घरात झाली बघा.”

मी हसले आणि मग खोलीची भिंत पाहिली. खालून कंबरेपर्यंत ती काळवंडली होती. हात लावला तर तळव्याला ओल लागत होती. ओल्या चुन्याचा आणि फुगलेल्या प्लायवूडचा वास श्वासात बसत होता. ही खोली सासूबाईंची. त्यांना दमा आहे. लातूरला दिरांकडून त्या आमच्याकडे राहायला याव्यात म्हणून आम्ही कित्येक वर्षं विनवण्या केल्या होत्या, आणि गेल्या दिवाळीनंतर त्या एकदाच्या आल्या होत्या. ओल्या भिंतीच्या खोलीत त्यांना ठेवू नका, असं डॉक्टरांनी फोनवरच बजावलं. दुसऱ्या खोलीत आमच्या तिघांची दाटी झालीच असती. पण प्रश्न तेवढाच नव्हता. गिलावा, कपाट, पलंग हे सगळं नव्याने करणं घराचा हप्ता भरता भरता आम्हाला त्या वर्षी शक्य नव्हतं. संध्याकाळी सासूबाईंनी मुकाट्याने आपली कापडी थैली काढली.

“दिराला फोन लाव. भिंत सुकली की बोलवा मला,” त्या म्हणाल्या.

एकदा गेल्या की त्या परत येणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

यजमान कामावरून आले आणि त्यांना घराच्या विम्याची आठवण झाली. कर्ज घेताना बँकेने तो गळ्यात घातला, अशी त्या विम्याबद्दल आमची आजवरची कृतज्ञता. मी फोन लावला. पलीकडच्या मुलीने काय झालं ते सांगायला सांगितलं. माझी नजर त्या वेळी भिंतीवरच होती. गिलाव्याच्या एका बारीक भेगेतून थेंब उमलत होता, घसरत होता, पुन्हा उमलत होता. मी म्हणाले, भिंत पाझरते आहे. शब्द नेमका होता. डोळ्यांना जे दिसत होतं तेच मी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी नुकसान पाहायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. मध्यमवयीन, मितभाषी गृहस्थ. बूट त्यांनी स्वतःहून बाहेर काढले. स्वच्छ घराकडे त्यांनी पाहिलं, कोरड्या फरशीकडे पाहिलं, नव्या सांध्याकडे पाहिलं. मग हातातल्या कागदावरचा शब्द वाचला.

“मॅडम, पाझरणं आणि फुटणं यांत आमच्याकडे फार अंतर आहे,” ते म्हणाले.

त्यांनी ते समजावूनही सांगितलं. पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान पॉलिसीत बसतं. महिनोन्‌महिने झिरपून भिंतीला ओल आली असेल तर ती घरमालकाने वेळेवर न केलेली दुरुस्ती समजतात. ते बसत नाही. तुटलेला सांधा असता तर पाहता आला असता. नुकसान झालेलं सामान तरी कुठे आहे? आयुष्यभर शब्दांच्या छटा शिकवल्या, आणि त्यातल्याच एका छटेने सासूबाईंची थैली भरली जात होती.

“सामान शेजाऱ्यांकडे आहे,” मी म्हणाले.

आमची वरात तिथून निघाली. गच्चीवर गाद्या उलट्या पडलेल्या होत्या. कापूस पोटाशी काळा पडला होता. समोरच्या वहिनींकडे साड्या खिडकीच्या गजांवर वाळत होत्या. पहिल्या मजल्यावर नुकतंच लग्न झालेल्या जोडप्याच्या हॉलभर माझी पुस्तकं पंख्याखाली पानं फडफडवत पसरली होती आणि ती दोघं भिंतीला चिकटून चालत होती. प्रत्येक घरात सर्व्हेअरना चहा झाला. पहिल्या घरातला चहा निव्वळ दुधाचा होता. दुसऱ्या घरातलाही. तिसऱ्या घरात, तळमजल्यावर मावशींकडे, त्यांनी संकोचून साधं पाणी मागितलं, तेव्हा मावशींच्या सुनेने नळ उघडून दाखवला. नळ खोकला आणि गप्प झाला.

पाणी का नाही, असं त्यांनी विचारलं.

मावशी तिथे वाळत ठेवलेल्या सासूबाईंच्या पलंगापाशी बसल्या होत्या. जिथे आमची इमारत आहे तिथे पूर्वी त्यांचं ज्वारीचं रान होतं. कोणाशीही त्या आपल्या बांधावर उभ्या असल्यासारख्या बोलतात.

“साहेब, ते थेंब थेंब गळालं असतं, तर आज आमच्या नळाला पाणी आलं नसतं व्हय? सकाळी टाकी भरली, दुपारी खडखडाट. सोळा घरांचं पाणी एका दुपारीत गेलं. हे पाझरल्यालं न्हाई, फुटल्यालं हाय.”

 सर्व्हेअरनी वॉचमनला बोलावलं, दोन वेळा पंप का लावला ते विचारलं, गच्चीवर पुन्हा चढून रिकाम्या टाकीत डोकावलं. खाली येताना आमच्या गॅलरीतल्या त्या गढूळ पातेल्यांपाशी थांबले आणि त्यांचे फोटो काढले. कणकेच्या डब्याचाही काढला. सोसायटीचं चार ओळींचं पत्र घेतलं. रात्रभर ज्या कोरड्या नळांची मला लाज वाटली होती, ते सगळे नळ माझ्या बाजूने बोलले होते.

क्लेम मंजूर झाला. पाइपचा खर्च त्यात नव्हता आणि गाद्या जुन्या म्हणून त्यांचं मोल कमी धरलं. पण गिलावा, कपाट आणि पलंग एवढं भागलं. भिंत सुकेपर्यंत सासूबाई मावशींकडे झोपल्या. दोघी पहाटेपर्यंत पिकांच्या गोष्टी बोलत, अशी मावशींच्या सुनेची तक्रार होती.

सामान एकेक करून परत आलं. गोधडीला वहिनींच्या लसणाच्या फोडणीचा वास लागला होता, साड्यांना कोणाकडच्या धुपाचा. पुस्तकांची पानं पाण्याने लाटांसारखी झाली आहेत. वर्गात एखादं उघडलं की त्यातून अजून परक्या घराची ऊब येते. पानं इस्त्री करून सरळ करता येतील, असं कोणी सुचवलं होतं. मी केली नाहीत.

रंग वाळला त्या दिवशी सासूबाईंनी भिंतीला गाल लावून पाहिला.  मग थैली पलंगावर ओतली, लुगड्यांच्या घड्या नव्या कपाटात लावल्या आणि रिकामी थैली घडी करून माझ्या हातात दिली.

“उद्या पाण्याचा दिवस हाय का गं?” त्यांनी विचारलं.

हो, म्हटलं.

“मग मावशीची बादली धुवून दे. आपल्याकडंच ऱ्हायली.”