फूल मोठं, रेघ तेवढीच

लोसेना बोलायला इतकी तिखट होती की शेजारच्या बायका तिच्याकडे मीठ मागायलासुद्धा दोघी मिळून येत. वय त्रेपन्न, लग्न केलेलं नाही, नासिनू शहरातल्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून आता घरी. घरात आई तराईविनी आणि भावाची बायको मेरेवाई. भाऊ बोटीवर, वर्षातून दोनदा उगवायचा.

आईची गोष्ट वेगळी. मोदे बेटावरून ती लग्न होऊन आली ती साचे कापायचं कटर घेऊनच. तुतीच्या सालीच्या कापडावर, म्हणजे मासीवर, तराईविनीच्या हातचं फूल नसेल तर त्यांच्या गोतातल्या बायकांना लग्न लागल्यासारखं वाटत नसे. इस्पितळातून मागून आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर ती फूल कोरायची, तो साचा मासीवर ठेवायचा आणि वरून काळा रंग थापायचा. तिचा नियम घरातल्या मांजरालाही पाठ असेल. फूल तळहाताएवढं असो की चटईएवढं, रेघ तेवढीच. रेघ जाडावली की हात गेला समजायचं, आणि हात गेला की कटर दुसऱ्याला द्यायचं. तिच्या स्वतःच्या आईने असंच दिलं होतं, आणि त्यानंतर ती बाई दोन वर्षं नुसती ओट्यावर बसून होती.

चार वर्षांपूर्वी, मेरेवाईही सासूबरोबर साचे कापायची तेव्हा, एका लग्नाच्या मासीवर फुलाची रेघ जाड उमटली. बायका कुजबुजल्या. तेव्हा तराईविनी एवढंच म्हणाली, "तो साचा सुनेने कापलाय." झालं! लोसेनाने सगळ्यांसमोर मेरेवाईच्या हातातून कटर काढून घेतलं. वर सुनावलं, "तुझे हात कसाव्याचे कंद सोलायलाच बरे." मेरेवाई हूं की चूं न करता उठली आणि तेव्हापासून रंग उकळायला बसली.

आता चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. रिवाजाप्रमाणे सगळा गोतावळा एकाच छापाच्या कापडात येणार, नव्वद माणसं. एवढं हाताने रंगवायला कुणाला वेळ? कापड दुकानातच छापायचं ठरलं, फूल मात्र तराईविनीचंच. चित्र शुक्रवारी सकाळी दुकानात पोचायला हवं होतं. आईने लोसेनाला बजावलं, "त्या कॉम्प्युटरच्या डबड्यात काय करायचं ते कर. पण माझ्या रेघेला धक्का लागला तर ते कापड मी अंगाला लावणार नाही."

गुरुवारी दुपारी लोसेना तिच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसली. साचा स्कॅन करून फुलाच्या कडा गिरवल्या आणि फूल ओढून मोठं केलं. त्याबरोबर रेघही फुगली! तिने दोन शिव्या हासडल्या. तासभर शोधल्यावर सेटिंगमध्ये टिकचा एक चौकोन सापडला. त्यातली खूण काढली की आकार हवा तेवढा वाढवा, घटवा, रेघेची जाडी जागची हलत नाही.

"अगं बाई, हे यंत्र तर नाऊच्या हाताखाली शिकलंय!" ती एकटीच हसली. आईला ती नाऊ म्हणे.

मग तिच्या मनात आलं, नेमकी जाडी ठरवून टाकू. तिने कपाटातून पाच वर्षांचे पाच साचे काढले. प्रत्येकावर साल तिनेच लिहिलेलं. पाचही फुलं गिरवली, प्रत्येकाच्या रेघेची जाडी मोजून भरली, जाडीला हात न लावता पाचही एकाच आकाराची केली आणि एकावर एक ठेवली. आईच्या नियमाने पडद्यावर एकच फूल दिसायला हवं होतं.

दिसली पाच. सर्वांत आतली, त्या लग्नाआधीची रेघ गवताच्या काडीएवढी, तिच्याबाहेर दुसरी, तिसरी, आणि सगळ्यांत बाहेरची, यंदाची, करंगळीएवढी.

मापात चूक असेल म्हणून तिने पट्टी घेऊन साचे मोजले. चूक नव्हती. दरवर्षी रेघ जाड होत गेली होती, आणि दरवर्षी फूलही तेवढंच मोठं कापलं गेलं होतं. फूल मोठं, म्हणून जाड रेघ कुणाच्या डोळ्यात भरली नाही. बायका तर म्हणायच्या, तराईविनीचा हात आता भारदस्त झालाय.

आणि यातले चार साचे कापले तेव्हा मेरेवाईला कटर शिवायची बंदी होती.

तिने यंदाचा साचा उचलला आणि कापलेल्या चिरेत करंगळी घातली. टोक बरोब्बर बसलं. बोट आपोआप चिरेतून पुढे सरकलं, पाकळीला वळसा घालून परत आलं. हे फूल डोळ्यांनी कापलेलंच नव्हतं, बोटाने चाचपून कापलेलं होतं.

"नाऊ! इकडे ये!"

तराईविनी भिंतीला हात लावत आली. गुडघे दुखतात म्हणून, असं घरात सगळे समजत. लोसेनाने तिला खुर्चीत बसवलं.

"तुला दिसत नाही का गं?"

"कुणी सांगितलं? तुझं तोंड दिसतंय, वाकडं करून उभी आहेस ते."

"या पडद्यावरचे पाचही साचे कुणी कापले?"

"मीच की. तुझ्या त्या मास्तरकीने कापले होय?"

"आणि मेरेवाईचं नाव घेतलंस! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, सगळ्यांदेखत. आणि तू बघत बसलीस?"

"तिच्या हाताला घाई आहे. तेव्हाही होती," म्हातारीने मान ताठ केली. "डोळ्याचं काय काढलंस? अजून सुईत दोरा ओवते मी. तुझं ते चित्र बघू, त्यात काय एवढं." ती पडद्याकडे वळली, पुढे झुकली आणि बराच वेळ निरखत राहिली. "बघ. कशी साफ आलीय रेघ. पाचही फुलांची सारखी. उगाच बोंब मारतेस."

लोसेनाने पडद्याकडे पाहिलं. माऊसला बराच वेळ कुणी हात लावला नाही की तो पडदा आपोआप विझायचा. तो केव्हाच विझला होता. काळ्या काचेत आईचा चेहरा दिसत होता आणि आई त्यातली फुलं मोजत होती.

"नाऊ," लोसेना म्हणाली. "ते बंद आहे."

तराईविनीने मान मागे घेतली नाही.

तेवढ्यात मेरेवाई चहा घेऊन आली. तिने कप सासूच्या पुढ्यात ठेवला नाही. म्हातारीचा हात धरला, कपाचा कान तिच्या बोटांत दिला, दुसरा हात खालून बशीला लावला आणि मगच सोडलं. हे सगळं इतक्या सवयीने झालं की त्या दोघींना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. लोसेना मात्र बघतच राहिली. याच घरात, याच चटईवर ती रोज तीनदा जेवत होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"त्या लग्नापासून."

"मग तेव्हा बोलली का नाहीस, बये? मी तुला काय काय बोलले!"

मेरेवाईने पदराला हात पुसावेत तसे स्कर्टला हात पुसले.

"बोलले असते तर त्यांच्या हातातून कटर गेलं असतं, ताई. माझ्या हातातून तर तुम्ही काढून घेतलंच होतं."