मिठावरचा ढग, तळ्यावरचा ढग

माझी मोठी वहिनी हवामान खात्याच्या कार्यशाळेत यंत्रांच्या काचा बसवायची. मी तिथेच लेथवर होतो. घरीही एकत्रच राहायचो. त्यामुळे लिहितोय ते पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

तिचं सगळ्यात अवघड काम म्हणजे ढगमापक. विमानातून खाली बघायचं आणि ढगाचा माथा किती उंच आहे ते परत आलेल्या उन्हावरून काढायचं. उन्हातल्या लाल रंगाची एक बारीक छटा हवा गिळते. ऊन ढगावर आपटून वर येतं. ढग जितका खाली, तितकी वाटेत हवा जास्त, तितकी ती छटा कमी उरते. शेजारच्या छटेला हवा हात लावत नाही. दोन्ही ताडून पाहिल्या की उंची निघते. नेमकी तेवढीच छटा आत सोडणारी काच वहिनीने बसवायची होती. केसभर कलली तरी भलतंच ऊन आत येतं. तिने ती एकेचाळीस वेळा काढून बसवली. काचेचं पितळी घर मी कातलं. ते तीनदाच करावं लागलं, तो आकडा सांगण्यासारखा नाही.

आई तिला विचारायची, "अगं, ढगाची मापं घेऊन करणार काय? सदरा शिवायचाय त्याला?"

"शिवायचाच आहे, आई. पण माप बसत नाहीये."

खरंच बसत नव्हतं. चाचणीत यंत्र आधी उंची सांगायचं, मग वैमानिक विमान खाली नेऊन ढगाच्या माथ्याला टेकवायचा आणि उंचीमापकावरचा खरा आकडा घ्यायचा. दोन उड्डाणांत आमचं यंत्र आठशे मीटर कमी बोललं.

"काच चुकली," साहेब म्हणाले.

"काच बरोबर आहे, साहेब."

"मग काय ढग चुकला? बाई, शुक्रवारी शेवटचं उड्डाण. नाही जमलं तर यंत्र गोदामात आणि तुम्ही पॅकिंगला."

वहिनीने दोन दिवस काच दिव्यापुढे तपासली. तसूभरही फरक नव्हता. दादा बस चालवायचा. तो म्हणाला, "सोड की. पॅकिंगमध्ये डोळे तरी शाबूत राहतील." त्यावर ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

बुधवारी वैमानिक कार्यशाळेत चहाला आला. वहिनीने त्याला समोर बसवलं. "कॅप्टन, उड्डाण पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

"गाळायला आहे काय त्यात? नेहमीसारखं मिठागरावर गेलो. पांढरंशुभ्र असतं, जागा चुकत नाही. खाली ढग असला तरी दिसतं."

वहिनीने कप खाली ठेवला. "ढगातून दिसतं?"

"पातळच होता. मलमलीसारखा."

"अहो, तुम्हाला दिसतं ते माझ्या यंत्राला दिसणार नाही? ऊन ढगातून खाली जातंय, मिठावर आपटून परत येतंय. तेवढी हवा जास्त ओलांडतंय. यंत्राला वाटतं, ढगच खाली आहे!"

नकाशावर त्या जागेला फुली मीच मारली होती, लांबून दिसते म्हणून. कोणालाही ती खटकली नव्हती.

ती तशीच साहेबांकडे गेली. शुक्रवारी मोठ्या तळ्यावर उडायचं म्हणाली. काळं पाणी ऊन फारसं परत पाठवत नाही.

"जागा बदलून आकडे जुळवताय?"

"दोन्हीकडे उडवा. कुठे किती चुकेल ते आधी लिहून देते." तिने लिहिलं: मिठागरावर सातशे ते नऊशे कमी, तळ्यावर शंभराच्या आत. त्या कागदावर तिने साहेबांची सही घेतली.

शुक्रवारी पातळ ढगाची एकच चादर मिठागरापासून तळ्यापर्यंत पसरली होती. यंत्र मी बोल्टने बसवलं होतं, म्हणून मीही विमानात होतो. मला दोनदा उलटी झाली. वहिनीला तेवढी सवड नव्हती.

मिठागरावर ढगाचा माथा दोन हजार सहाशे चाळीस. यंत्र म्हणालं, अठराशे पन्नास.

"सातशे नव्वद कमी!" ती ओरडली. चुकीच्या आकड्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तळ्यावर माथा दोन हजार सहाशे वीस. यंत्र, दोन हजार पाचशे सत्तर.

"जमलं, ताई!" वैमानिक म्हणाला.

"एकदा जमलं त्याला नशीब म्हणतात. पुन्हा फिरवा."

त्याने आणखी दोनदा फिरवलं. दोन हजार पाचशे ऐंशी. दोन हजार पाचशे साठ. तेव्हा कुठे ती टेकून बसली.

साहेबांनी कागद आणि आकडे शेजारी ठेवून दोनदा वाचले. "मिठाचा हा दोष यंत्रातून काढायचा कसा?"

"काढते. दोन माणसं द्या."

"दिली." त्यांनी चाचणीच्या वहीत 'यंत्र मंजूर' लिहिलं आणि वही तिच्यापुढे सरकवली. तोवर त्या वहीत फक्त साहेब लोकांच्याच सह्या होत्या. वहिनीने हात पुसले, आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कोणाला वही मिटू दिली नाही.